पांढरा पीसी, काळी नळी: लिक्विड कूलर घेण्याआधी काय मोजायचं

पांढरं कॅबिनेट, पांढरा मदरबोर्ड, पांढरं ग्राफिक्स कार्ड अशी जुळवाजुळव झाली की शेवटी कूलरची पाळी येते. बरेच जण तेव्हा ‘व्हाइट ३६० एआयओ’, म्हणजे ३६० मिमीच्या रेडिएटरचा पांढरा लिक्विड कूलर, एवढंच शोधतात आणि ज्याचा फोटो सगळ्यात देखणा तो मागवतात. पार्सल आल्यावर कळतं की रेडिएटर छताला टेकण्याआधीच रॅमवर बसतोय. किंवा सगळं बसतं, पण पांढऱ्याशुभ्र डब्यातून दोन काळ्या जाड नळ्या आडव्या जातात आणि काचेतून पहिली नजर त्यांच्यावरच पडते. निवडीचा क्रम आधी उष्णता, मग माप, मग रंग आणि शेवटी दिवे असा हवा. दिव्यांचा रंग नंतर माउसने बदलता येतो. नळीचा, फॅनच्या पात्यांचा आणि चौकटीचा रंग बदलता येत नाही.

एआयओ म्हणजे कारखान्यातच भरून सीलबंद केलेला लिक्विड कूलर. प्रोसेसरवर तांब्याची प्लेट बसते आणि तिच्या आत अगदी बारीक खाचा असतात. पंप त्या खाचांतून द्रव फिरवतो. तापलेला द्रव नळीतून रेडिएटरकडे जातो आणि तिथे फॅन त्यातली उष्णता हवेत सोडतात. द्रवात पाणी, ग्लायकॉल आणि गंज रोखणारी द्रव्यं असतात. प्लेट तांब्याची आणि रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचा असल्यामुळे ही द्रव्यं नसतील तर दोन धातूंमध्ये गंजण्याची क्रिया सुरू होते.

म्हणजे पाणी इथे फक्त हमाली करतं. शेवटी उष्णता जायची ती खोलीतल्याच हवेत, त्यामुळे द्रव खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही. यातून दोन गोष्टी निघतात. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेत नळ्यांवर दव धरेल का, ही शंका वारंवार विचारली जाते. नाही धरणार, कारण दव धरायला पृष्ठभाग हवेपेक्षा थंड लागतो. दुसरी गोष्ट विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी लक्षात ठेवावी. एसीच्या २५ अंशांत प्रोसेसर ७० अंशांवर राहत असेल, तर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर तेच काम करताना साधारण ८३ वर जाईल. यूट्यूबवरच्या चाचण्या बहुतेक २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. आपल्या खोलीच्या हिशेबाने तेवढी भर घालूनच ते आकडे वाचावेत.

उष्णता किती, रेडिएटर केवढा

प्रोसेसरच्या खोक्यावर लिहिलेला वॅटचा आकडा आणि तो प्रत्यक्षात ओढतो ती वीज यांत फरक असतो. एएमडीच्या रायझन ५ ७६०० वर ६५ वॅट लिहिलेले असतात, तो ८८ पर्यंत जातो. रायझन ७ ७८००एक्स३डी वर १२० आणि मर्यादा १६२, पण गेम खेळताना तो त्याच्या बराच खाली राहतो. रायझन ९ ९९५०एक्स वर १७० आणि मर्यादा २३०. इंटेलच्या कोअर आय९ १४९००के चा मूळ आकडा १२५, टर्बोचा, म्हणजे वेग वाढवलेला असतानाचा, २५३. कूलर सहसा दुसऱ्या आकड्यावर निवडायचा.

रेडिएटरची ताकद ढोबळमानाने त्याच्या क्षेत्रफळावर ठरते. २४० म्हणजे १२० मिमीचे दोन फॅन, म्हणजे २८,८०० चौरस मिमी. २८० म्हणजे १४० चे दोन, ३९,२००. ३६० म्हणजे १२० चे तीन, ४३,२००. म्हणजे २८० चा रेडिएटर नावावरून मधला वाटला तरी क्षेत्रफळात तो ३६० च्या नव्वद टक्क्यांपर्यंत जातो. लांबीला तो आटोपशीर असतो आणि मोठे फॅन हळू फिरत असल्याने आवाजही कमी. अडचण एवढीच की पांढऱ्या रंगात २८० ची निवड फार थोडी. कंपन्यांचा भर २४० आणि ३६० वर असतो.

आमचा साधा ठोकताळा असा: शंभरेक वॅटपर्यंत लिक्विडची गरज नाही, दीडशेच्या आसपास २४० पुरतो, त्याच्या वर २८० किंवा ३६०, आणि दोनशे ओलांडले की ३६० च. १२० मिमीचा एकच फॅन असलेला एआयओ कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणावं. तेवढ्याच पैशांत मिळणारा दुहेरी टॉवरचा एअर कूलर (द्रव नसलेला, धातूच्या पट्ट्या आणि फॅनचा) त्याच्यापेक्षा चांगलं काम करतो, आणि थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन किंवा डीपकूलचा एके६२० यांसारखे कूलर पांढऱ्या रंगातही मिळतात. ७६०० वर किंवा मुख्यतः गेमसाठी घेतलेल्या ७८००एक्स३डी वर पांढरा एअर कूलर लावून वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालणं हा शहाणपणाचा सौदा आहे. लिक्विड घ्यायचाच तर तो दिसण्यासाठी घेतोय हे स्वतःशी मान्य करून घ्यावा. त्यात गैर काहीच नाही.

रायझन ७०००-९००० मालिकेचे मोठे प्रोसेसर पूर्ण लोडवर मुद्दाम ९५ अंशांपर्यंत जातात, त्यांची रचनाच तशी आहे. मोठा कूलर लावला तर ते ९५ वरच राहून जास्त वेग देतात. आकडा खाली आला नाही म्हणून कूलर बदलायला धावू नये.

टेप घेऊन बसा

परत पाठवले जाणारे कूलर बहुतेक मापाच्या चुकीमुळे परत जातात. ‘३६०’ हा फॅनचा हिशेब आहे. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून रेडिएटर ३९५ ते ४०० मिमी भरतो. २४० चा २७५ ते २८० आणि २८० चा ३१५ च्या आसपास. जाडी सर्वसाधारणपणे २७ मिमी, त्यावर २५ मिमीचे फॅन, म्हणजे ५२. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर ३ चा रेडिएटर ३८ मिमी जाड आहे, म्हणून फॅनसह ६३ मिमी लागतात. हा कूलर थंड करण्यात अव्वल आणि किमतीला वाजवी असल्याने बरेच जण डोळे मिटून मागवतात आणि याच ११ मिमींवर अडकतात.

मदरबोर्डच्या वरच्या कडेपासून कॅबिनेटच्या छतापर्यंतचं अंतर मोजा. ते ५५ मिमीच्या वर असेल तर नेहमीचा रेडिएटर निर्धास्त बसतो. कमी असेल तर फॅन मदरबोर्डवर झुकतात आणि मग दोन गोष्टी आड येतात: प्रोसेसरच्या डाव्या-वरच्या बाजूचे व्हीआरएमचे (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचे) हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषणारे धातूचे ठोकळे, आणि रॅम. दिवे असलेली रॅम ४२ ते ५० मिमी उंच असते, साधी ३२ ते ३५. काही कॅबिनेटमध्ये रेडिएटरची भोकं काचेच्या बाजूला सरकवलेली असतात. तसं असेल तर व्हीआरएमपासून सुटका होते, पण उंच रॅमची अडचण राहू शकते.

कंपनीच्या वेबसाइटवर ‘३६० सपोर्ट’ दिसला की तो कुठे, हेही वाचावं. कोर्सेअर ४०००डी या कॅबिनेटमध्ये ३६० पुढच्या बाजूला बसतो. छताला २८० पर्यंतच, तोही रॅम बुटकी असेल तर. पुढे लावायचा असेल तर दुसरं माप घ्या. पुढच्या जाळीपासून ग्राफिक्स कार्ड कसतात त्या मागच्या पत्र्यापर्यंत जेवढी जागा आहे, त्यातून ५२ मिमी वजा करून कार्ड मावतंय का पाहा. हल्लीची तीन फॅनची कार्डं ३०० ते ३४० मिमी लांब असतात.

सॉकेटची, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या प्रकाराची, काळजी फारशी नको. इंटेलच्या एलजीए१७०० आणि एलजीए१८५१ ची कूलरची भोकं सारखीच आहेत. एएमडीच्या एएम४ साठीचे बहुतेक कूलर एएम५ वर चालतात, फक्त मदरबोर्डासोबत आलेली मागची धातूची पट्टी काढून टाकू नका. जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर खोक्यात आपल्या सॉकेटचे ब्रॅकेट आहेत का, एवढं दुकानदाराकडून तपासून घ्या.

पांढरा म्हणजे कोणता पांढरा

कॅबिनेटचा पत्रा पावडर कोटिंगचा, फॅनची पाती प्लास्टिकची, रेडिएटर रंगवलेला आणि नळीवर विणलेलं नायलॉनचं आवरण. चारही पांढरे, पण एक निळसर, एक दुधी, एक किंचित करडा. फोटोत ते एकसारखे दिसतात कारण स्टुडिओचा उजेड आणि फोटोशॉप दोन्ही मदतीला असतात. जमलं तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या शहरातल्या दुकानात जाऊन कॅबिनेटशेजारी कूलर ठेवून बघावा. ते शक्य नसेल तर ग्राहकांनी टाकलेले फोटो पाहावेत. ते वाईट उजेडात काढलेले असतात, म्हणूनच कामाचे.

एखादं मॉडेल ‘व्हाइट’ म्हणून विकलं जातं तेव्हा नक्की काय काय पांढरं आहे ते एकेक करून बघा. नळी पांढरी आहे का? स्वस्त मॉडेलमध्ये पंप आणि फॅन पांढरे पण नळ्या काळ्याच, हे सर्रास चालतं. नळी जिथे पंपात शिरते ते सांधे काळे असतात का? फॅनची केबल पांढरी आहे का, आणि तिला जोडायचा स्प्लिटर (एका जोडणीच्या अनेक करणारी वायर)? प्रोसेसरभोवतीचा ब्रॅकेट कोणत्या रंगाचा? फॅन पांढरा आणि त्याच्या कोपऱ्यांवरचे रबर काळे, हाही प्रकार असतो. आणि मदरबोर्ड. ‘व्हाइट’ म्हणवणाऱ्या अनेक बोर्डांवर हीटसिंक फक्त चंदेरी-पांढरे असतात, खालची पाटी काळीच असते. अशा बोर्डावर पूर्ण पांढरा कूलर उलट उपरा दिसतो. त्यापेक्षा पांढरं-काळं ठरवून केलेलं बरं: काळ्या नळ्या, काळी केबल, बाकी पांढरं. अर्धवट पांढऱ्यापेक्षा ते नेहमीच नेटकं दिसतं.

पांढरं प्लास्टिक आणि रबर उन्हाने व उष्णतेने पिवळं पडतं. खिडकीतून थेट ऊन येतं तिथे पांढरा पीसी ठेवू नका. विणलेल्या पांढऱ्या नळीवर धूळ आणि हाताचा मळ बसतो. फिटिंग करताना हात धुतलेले असावेत, कारण प्रोसेसर आणि प्लेटच्या मध्ये लावायच्या थर्मल पेस्टचा करडा डाग त्या विणीतून निघता निघत नाही.

फॅनची कोणती बाजू दिसणार याचाही विचार हवा. हवा आत ओढणारी बाजू मोकळी, देखणी. मागच्या बाजूला आडवे दांडे आणि केबल असतात. छताला रेडिएटर लावून त्याच्या खाली फॅन, हवा वर फेकणारे, अशी मांडणी केली तर काचेतून देखणी बाजू दिसते. बाजूच्या भिंतीवर, हवा आत घेण्यासाठी फॅन लावले तर दांड्यांची बाजू दिसते. दोन बाजूंना काच असलेल्या ‘फिश टँक’ कॅबिनेटमध्ये हे फार खटकतं. त्यासाठीच उलट्या पात्यांचे, म्हणजे रिव्हर्स ब्लेडचे फॅन मिळतात. ते देखण्या बाजूने हवा बाहेर टाकतात.

गुलाबी, जांभळ्या किंवा निळ्या थीमसाठी ‘द्रवच रंगीत घेऊ’ असा मोह होतो. एआयओ सीलबंद असतो, त्यात रंग घालता येत नाही आणि उघडला की वॉरंटी गेली. रंगीत द्रव हवा तर पंप, ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारी खाचांची प्लेट), टाकी, नळ्या वेगळ्या घेऊन जोडायचा कस्टम लूप लागतो. खर्च कित्येक पटींनी वाढतो आणि देखभाल दर सहा महिने ते वर्षाने येते. त्यातही दुधासारखे अपारदर्शक पेस्टल द्रव टाळा. त्यांचा रंग द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांचा असतो. ते कण हळूहळू ब्लॉकच्या खाचांत साचतात आणि तापमान चढू लागतं. पारदर्शक द्रव आणि रंगीत नळी हा कमी त्रासाचा मार्ग. नळाचं किंवा घरच्या आरओचं पाणी कधीच नाही, आणि तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर नाही.

दिवे आणि वायरी

इथे एक चूक कायमची महागात पडते. मदरबोर्डवर दिव्यांचे दोन प्रकारचे हेडर, म्हणजे वायरी जोडायच्या पिना, असतात: चार पिनांचा १२ व्होल्टचा जुना आरजीबी आणि तीन पिनांचा ५ व्होल्टचा एआरजीबी. आजचे जवळपास सगळे कूलर ५ व्होल्टवाले. ओढूनताणून १२ व्होल्टमध्ये खुपसलं तर दिवे क्षणात जळतात आणि ही चूक वॉरंटीत बसत नाही. तीन पिनांच्या हेडरमध्ये चौथी जागा रिकामी ठेवलेली असते, ती बघूनच जोडा.

एआरजीबीत माहिती एका दिव्याकडून पुढच्याकडे जाते. साखळीत मधलाच दिवा गेला की त्याच्या पुढचे सगळे बंद पडतात किंवा वेडेवाकडे रंग दाखवतात. फॅनचा निम्मा भाग अंधारात असेल तर आधी जोडणी हलवून बघा, मगच फॅनला दोष द्या.

दोन कंपन्यांच्या फॅनवर ‘पांढरा’ निवडला तरी एक निळसर दिसेल. हे दिवे लाल, हिरवा, निळा मिसळून पांढरा करतात आणि निळा बहुधा वरचढ ठरतो. सॉफ्टवेअरमध्ये २५५-२५५-२५५ सोडून निळा २०० च्या आसपास आणा, हिरवा थोडा कमी करा आणि बाकीच्यांशी डोळ्यांनी जुळवा. झगमगाट ४० टक्क्यांवर ठेवला की फरक आणखी झाकला जातो. शक्यतो कूलर आणि इतर फॅन एकाच कंपनीचे घ्यावेत. कोर्सेअर आणि लिआन ली यांच्या काही मालिकांचे कनेक्टर त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचे असतात, ते दुसऱ्यांशी जुळत नाहीत.

पंपावर छोटा स्क्रीन असलेली मॉडेलं मदरबोर्डवरचा ९ पिनांचा यूएसबी २.० हेडर मागतात. मदरबोर्डवर असे एक-दोनच असतात आणि एक कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीसाठी किंवा वायफाय कार्डाच्या ब्लूटूथसाठी लागतो. आधी मोजून घ्या. आमच्या मते स्क्रीनसाठी लागणारे जादा पैसे चांगल्या फॅनवर घालणं जास्त फायद्याचं.

बसवताना

पंप हा अख्ख्या वर्तुळातला सर्वांत वरचा भाग असता कामा नये. सीलबंद कूलरमध्येही थोडी हवा असते, आणि वर्षानुवर्षं नळीच्या रबरातून पाण्याची वाफ सूक्ष्म प्रमाणात निघून जाते, त्यामुळे ती वाढते. हवा सर्वांत उंच जागी जमते. ती जागा पंप असेल तर गुळगुळ आवाज येतो, पंप कोरडा फिरतो आणि आयुष्य घटतं. म्हणून छताला रेडिएटर उत्तम. पुढे लावायचा तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं आणि नळ्या शक्यतो खालच्या बाजूने याव्यात. रेडिएटर कॅबिनेटच्या तळाला लावणं मात्र टाळाच.

क्रम असा ठेवा. आधी प्रोसेसरची वीज देणारी ८ पिनांची केबल मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जोडा, रेडिएटर बसल्यावर तिथे बोट जात नाही. मग फॅन रेडिएटरवर, मग रेडिएटर छताला. स्क्रू दोन लांबींचे येतात: फॅनमधून जाणारे सुमारे ३० मिमीचे आणि रेडिएटर थेट कॅबिनेटला कसायचे ५-६ मिमीचे. लांब स्क्रू फॅनशिवाय कसला तर तो थेट रेडिएटरच्या द्रववाहिनीत घुसतो आणि कूलर तिथेच संपतो. हाताला विरोध जाणवला की थांबा.

तांब्याच्या प्लेटवरचं पारदर्शक प्लास्टिक काढलंय ना, हे दोनदा बघा. पेस्ट आधीच लावलेली असेल तर वरून आणखी लावू नका. नसेल तर एएम५ वर वाटाण्याएवढा थेंब पुरे. इंटेलच्या लांबट चिपवर मधे एक रेघ काढा. स्क्रू कर्णाकर्णाने, प्रत्येकी दोन-तीन फेरे देत कसा.

पंपाची केबल ‘एआयओ पंप’ लिहिलेल्या हेडरला, फॅन ‘सीपीयू फॅन’ ला. ‘सीपीयू फॅन’ रिकामा राहिला तर सुरू होतानाच बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) चूक दाखवून थांबतो. तिथे ‘कूलर खराब’ असं समजून घाबरणारे खूप. बायोसमध्ये पंपाला पूर्ण वेग द्या. फॅनचा वेग मात्र हळूहळू बदलेल असा ठेवा. प्रोसेसरचं तापमान एका सेकंदात वीस अंश उडी मारतं, पण द्रव इतक्या लवकर तापत नाही. प्रत्येक उडीला फॅन धावले तर आवाज अकारण वरखाली होत राहतो.

चाचणी पाच मिनिटांची करू नका. द्रव तापून स्थिरावायला अर्धा तास लागू शकतो. प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारं सिनेबेंच ३० मिनिटं चालवून तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये आकडे बघा. सुरू केल्या केल्या काही सेकंदांत तापमान शेवटच्या मर्यादेला टेकलं, तर नळ्यांना हात लावा. एक गरम आणि दुसरी थंड असेल तर द्रव फिरत नाहीये: पंपाला वीज नाही किंवा तो अडकलाय. दोन्ही नळ्या थंड आणि प्रोसेसर तापलेला असेल तर पंपासोबत प्लेटवरचं प्लास्टिक आणि ढिले स्क्रू हेही संशयित. दोन्ही सारख्याच कोमट असतील तर कूलर ठीक आहे, शंका कॅबिनेटच्या हवेवर घ्यावी.

पांढऱ्या रेडिएटरवर धूळ लवकर दिसते, आणि ते सोयीचंच आहे. छताची जाळी महिन्याला, रेडिएटरच्या पट्ट्या तीन महिन्यांनी ब्लोअरने साफ करा. त्या वेळी फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग बिघडतं. एआयओचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं धरावं. वॉरंटी मॉडेलनुसार दोन-तीन ते सहा वर्षांची असते. मोठी वॉरंटी असलेलं मॉडेल थोडं महाग असलं तरी घ्यावं. गळती झाली तर ग्राफिक्स कार्डाची भरपाई कंपनी देते का, हे वॉरंटीच्या अटींत खरेदीआधीच वाचा, आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.